एकत्र कामाची सॉफ्टवेअरं: भरणारा एक, बघणारा दुसरा

तळटीप

आमच्या ऑफिसात नवा 'बोर्ड' आलाय. भिंतीवरचा नव्हे, स्क्रीनवरचा. प्रत्येकाने आपल्या कामाचं कार्ड काढायचं, किती तास लागतील ते लिहायचं, काम पुढे गेलं की कार्ड उजवीकडच्या रकान्यात सरकवायचं. याआधीच्या बोर्डावरची कार्डं अजून तशीच लटकलेली आहेत. त्याच्याही आधी विकी (कुणीही लिहावीत-बदलावीत अशी सामायिक पानं) होता, त्यातली शेवटची नोंद म्हणजे कुठल्याशा वर्षीच्या दिवाळीच्या सुट्ट्या. खरं काम चालतं व्हॉट्सअ‍ॅपवर आणि खालच्या टपरीवर.

नुसती कुरकुर करायला धागा काढलेला नाही (थोडी होईल, सांभाळून घ्या). हे असं का होतं याचं मला पटलेलं सगळ्यात नेमकं उत्तर १९८८ सालचं आहे. जोनाथन ग्रुडिन नावाच्या संशोधकाने त्या वर्षी, गटाने वापरायची सॉफ्टवेअरं का फसतात यावर एक निबंध लिहिला. त्यातलं एक उदाहरण मीटिंग ठरवून देणाऱ्या सामायिक कॅलेंडरचं. साहेबाने बटण दाबलं की सॉफ्टवेअर सगळ्यांची कॅलेंडरं चाळून मोकळी वेळ शोधतं. झकास. पण त्यासाठी सगळ्यांनी आपापलं कॅलेंडर रोज भरलेलं हवं. साहेबाचं कॅलेंडर सेक्रेटरी सांभाळते, म्हणजे त्याला कष्ट नाहीत. मीटिंगा बोलावणारा बहुधा तोच, म्हणजे फायदाही त्याचाच. बाकीच्यांनी मात्र का राबायचं, तर आपल्याला मीटिंगला पकडणं कुणाला तरी सोपं जावं म्हणून! मग कोण भरतो? कोणी नाही. सॉफ्टवेअरला सगळे कायम मोकळेच दिसतात.

ग्रुडिनचा दुसरा मुद्दा जास्त झोंबतो. खरेदीचा निर्णय घेणारा माणूस फायदा होणाऱ्यांपैकीच असतो. डेमो बघताना त्याला स्वतःची सोय लख्ख दिसते, भरणाऱ्याची हमाली दिसत नाही. शिवाय वर्ड प्रोसेसर ऑफिसातल्या दोघांनीच वापरला तरी त्या दोघांचं भलं होतं. कॅलेंडर दहातल्या तिघांनी भरलं नाही, तर उरलेल्या सात जणांनाही त्याचा उपयोग राहत नाही.

खरं तर या प्रकाराची सुरुवात फार मोठ्या उमेदीने झाली होती. ९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को. डग्लस एंगलबार्टने दीड तासाचं प्रात्यक्षिक दिलं. माउस तिथे पहिल्यांदा चारचौघांत आला, म्हणून लोक तेवढाच लक्षात ठेवतात. मला त्यातला दुसरा भाग जास्त भारी वाटतो. सुमारे ५० किलोमीटरवर मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत बसलेला सहकारी पडद्यावर दिसतोय, त्याचा आवाज येतोय, आणि दोघं एकाच मजकुराकडे बघत, त्यातल्या जागा दाखवत बोलतायत. ज्या काळात कॉम्प्युटर म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि नंतर छापील कागद घ्यायला यायचं, त्या काळात! एंगलबार्टच्या डोक्यात एकट्या माणसाच्या सोयीचं यंत्र नव्हतंच. अवघड प्रश्न माणसांनी मिळून सोडवायचे आणि यंत्राने त्यांना हात द्यायचा, असा त्याचा ध्यास. पुढे जगाने त्याचा माउस उचलला आणि बाकीचं पंचवीस-तीस वर्षं बाजूला ठेवलं.

दुसरा धागा इलिनॉय विद्यापीठातला. तिथे प्लेटो नावाची शिकवण्यासाठी बांधलेली यंत्रणा होती. १९७३ मध्ये त्यावर 'नोट्स' नावाची चर्चेची जागा आणि 'टॉकोमॅटिक' नावाचं गप्पांचं दालन आलं. टॉकोमॅटिकमध्ये समोरचा टाइप करत असताना अक्षर न् अक्षर दिसायचं, खोडलेलं सुद्धा. तिथे शिकलेल्या रे ऑझीने पुढे लोटस नोट्स (ईमेल आणि सामायिक नोंदींचं सॉफ्टवेअर) बनवलं, ते १९८९ मध्ये बाजारात आलं. एकत्र कामाचं सॉफ्टवेअर हे खूळ कंपन्यांमध्ये खऱ्या अर्थाने शिरलं ते तिथून.

आणि तिथेही तेच. १९९२ मध्ये वांडा ऑर्लिकॉव्स्की यांनी एका मोठ्या सल्लागार कंपनीत नोट्स बसवलं जात असताना काय झालं त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरच्यांची अपेक्षा अशी की सगळे आपलं ज्ञान त्यात टाकतील. पण कंपनीची रीत काय? बढती मिळव, नाहीतर बाहेर पड. प्रत्येक तासाचं बिल ग्राहकाच्या नावावर लागलं पाहिजे. नोट्स शिकण्याचा तास कुणाच्या बिलात टाकणार? आणि माझी खास माहिती शेजारच्याला फुकट दिली तर बढती त्याला. लोकांनी त्याचा वापर मुख्यतः ईमेलसारखा केला, वाटून घेणं राहिलं बाजूला.

तर तुमचे अनुभव येऊ द्या. कुठलं चाललं, कुठलं आपटलं, आणि मुख्य म्हणजे भरत कोण होतं? कंपन्या-संस्थांची नावं नकोत, उगाच भांडणं होतात.

रातपाळी

रुमाल टाकून ठेवतो. शिफ्ट संपली की लिहितो.

डोमिनोकाका

लोटस नोट्सचं नाव काढलंत, आता ऐका म्हाताऱ्याचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्यात मी नोट्सचा ॲडमिन होतो. आजच्या पोरांना त्याचा पडदा बघून हसू येतं, येऊ दे. पण त्यात एक गोष्ट होती ती लाजवाब: रेप्लिकेशन. डेटाबेसची अख्खी प्रत लॅपटॉपवर घेऊन सेल्सवाला सांगली-कोल्हापूर फिरायचा. दिवसभर ऑर्डरी त्या प्रतीत टाकायच्या, रात्री लॉजवरच्या फोनला मोडेम जोडायचा, टूंऽऽ खर्रर्र आवाज आला की त्याची प्रत आणि सर्व्हरची प्रत एकमेकींत बदल देऊन-घेऊन मोकळ्या. फोनचं बिल कमी, काम चालू. इंटरनेट सतत हाताशी असेल असं ज्यांनी गृहीतच धरलं नव्हतं, अशा लोकांनी बांधलेलं ते सॉफ्टवेअर.

गोची एकच. दोघांनी एकाच दिवशी एकच नोंद बदलली की नोट्स दोन्ही ठेवायचं आणि एकीच्या पोटात दुसरी लटकवायचं, डावीकडे बारीकसा चौकटीचा पत्ता यायचा. त्या चौकट्या सोडवत बसणं हेच माझं सोमवारचं काम. कुठली खरी हे यंत्राला कळणार नाही, सेल्सवाल्याला फोन करा आणि विचारा. तो म्हणणार, दोन्ही खऱ्या आहेत साहेब.

आयबीएमने लोटस १९९५ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरला घेतली. २०१९ मध्ये नोट्स आपल्या एचसीएलकडे आलं, अजून चालू आहे. मेलं मेलं म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

सुगरण

वाखु (वाचनखूण) साठवली. काका, मोडेमच्या आवाजाबद्दल खास आभार.

एक बाळबोध शंका. गुगल डॉक्समध्ये आम्ही चौघी एकाच वेळी लिहितो, तिथे ही चौकटीच्या पत्त्याची भानगड होत नाही. का? एकीचं दुसरीवर चढत कसं नाही?

खटपट्या

सुगरणताई, बाळबोध अजिबात नाही, या प्रश्नावर लोकांच्या पीएचड्या झाल्यात. मराठीतलंच उदाहरण घेतो.

फाईलमध्ये एवढंच आहे: सभा ५ वाजता

कॉम्प्युटर अक्षरं शून्यापासून मोजतो, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजतो. स ०, भ १, काना २, मोकळी जागा ३, ५ हा आकडा ४. आता तुम्ही सुरुवातीला 'उद्या' आणि त्यापुढे एक मोकळी जागा टाइप केलीत. त्याच क्षणी मी वेळ बदलली, म्हणजे माझ्याकडून निरोप निघाला: चौथ्या ठिकाणचं खोड, तिथे ६ घाल.

माझा निरोप तुमच्याकडे पोचला तेव्हा तुमच्या पडद्यावर 'उद्या सभा ५ वाजता' आहे. निरोप जसाच्या तसा पाळला तर चौथ्या ठिकाणी काय आहे? उ ०, द १, हलन्त २, य ३, काना ४. म्हणजे 'उद्या'चा काना उडाला, त्या जागी ६ बसला, आणि झालं: उद्य६ सभा ५ वाजता. आणि माझ्या पडद्यावर मात्र सगळं ठीकठाक. दोघी-दोघांकडे दोन वेगळ्या फायली, आणि कुणाला पत्ता नाही.

म्हणून निरोप पाळण्याआधी तो बदलायचा. 'उद्या' आणि मोकळी जागा मिळून ६ खुणा आधी घुसल्या आहेत, तर माझा ४ हा १० करायचा. दहाव्या ठिकाणी बरोब्बर ५ आहे. मोजून बघा. या युक्तीला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. एलिस आणि गिब्ज या दोघांनी १९८९ मध्ये मांडली. ऐकायला सोपी वाटते, पण तीन माणसं, खोडणं, परत आणणं आणि मध्येच गेलेलं नेट असं सगळं एकत्र आलं की डोक्याचा भुगा होतो. सुरुवातीच्या पद्धतीत चुका निघाल्या, त्या निस्तरणारे निबंध पुढची कित्येक वर्षं येत राहिले. गुगल डॉक्स याच घराण्यातलं.

शाखामृग

खटपट्या, याच कामाची दुसरी युक्ती, सीआरडीटी, ते राहिलं.

खटपट्या

राहू दिलं होतं, धाग्याचा प्रबंध होईल म्हणून. थोडक्यात: जागेचे क्रमांक मोजायचेच नाहीत, प्रत्येक अक्षराला जन्मतःच कायमची ओळख द्यायची. 'चौथं अक्षर खोड' ऐवजी 'अमक्या ओळखीचं अक्षर खोड'. मग निरोप कुठल्याही क्रमाने आले तरी शेवटी सगळ्यांकडे एकच मजकूर उरतो, मध्ये न्यायनिवाडा करणारा सर्व्हर नसला तरी. २०११ मध्ये शापिरो आणि मंडळींनी याला पक्का पाया दिला. डोमिनोकाकांच्या सांगलीच्या सेल्सवाल्याला हे हवं होतं.

डोमिनोकाका

अरे पण मजकूर एकच झाला म्हणजे बरोबर झाला का? एकाने वेळ ६ केली, दुसऱ्याने ७. तुझं यंत्र '६७ वाजता' करून देईल, सगळ्यांकडे सारखं. आमची चौकट निदान सांगायची तरी, की बाबा इथे दोघांचं जुळत नाही, फोन कर.

खटपट्या

_/\_ मान्य. ६७ वाजता खरंच होतं.

हिरवीशाई

मी सरकारी नोकरीतून निवृत्त. कार्यालय कुठलं ते विचारू नये.

आमच्याकडे एकत्र कामाचं सॉफ्टवेअर पूर्वापार होतं, त्याला नस्ती, म्हणजे फाईल, म्हणत. एका बाजूला टिपणी, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. लिपिकाने टिपणी लिहून 'मान्यतेस्तव सादर' करायची, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी ती वर चढायची. आधीच्याचं लिहिलेलं खोडायचं नाही, खाली आपलं लिहायचं. पुरावा पाहिजे तर 'पताका अ येथे पाहावे'. आणि साहेबांना लेखी काही अडकवून घ्यायचं नसलं की एकच शब्द, 'चर्चा', आणि नस्ती परत खाली. त्या चर्चेत काय ठरलं हे पुढच्या टिपणीच्या सुरातून ओळखायचं!

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, असंख्य नस्त्या गेल्या. त्यानंतर ई-ऑफिसचा, म्हणजे नस्ती स्क्रीनवरच फिरवायच्या सॉफ्टवेअरचा, रेटा वाढला. मी सुरुवातीला नाकं मुरडणाऱ्यांतला. पण हे सॉफ्टवेअर करणाऱ्या एनआयसीच्या (केंद्र सरकारची संगणक संस्था) लोकांनी एक गोष्ट फार शहाणपणाने केली. त्यात टिपणी दोन रंगांची आहे. पिवळी म्हणजे कच्ची, तोवर ती बदलता येते. पक्की केली की हिरवी, मग हात लावता येत नाही. कागदावर आम्ही हेच करायचो: आधी पेन्सिलीने मसुदा साहेबांना दाखवायचा, मग शाईने. तो पेन्सिलीचा टप्पा ज्याने ओळखला त्याने कार्यालयात बसून काम बघितलं असणार.

फायदा कुणाचा, हा धागाकर्त्याचा प्रश्न. साहेबांना फिरतीवरून नस्ती मंजूर करता येऊ लागली, हे खरं. पण खालच्या लिपिकालाही एक मिळालं: नस्ती कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे ते दिसतं. पूर्वी 'माझ्याकडे आलीच नाही' म्हटलं की संपलं. तोटाही सांगतो. जुनी पत्रं स्कॅन करून चढवायची हमाली त्याच लिपिकाची, आणि कागदी नस्तीही काही काळ बरोबरीने चालू. दुप्पट काम, एकच पगार.

टेम्सकाठ

हिरवीशाई, पेन्सिलीचा टप्पा वाचून मजा आली. मी लंडनमध्ये असतो, त्यामुळे इथला एक जुना अभ्यास सांगायचा मोह होतोय. क्रिस्चियन हीथ आणि पॉल लफ या दोघांनी इथल्या भुयारी रेल्वेच्या बेकर्लू मार्गाच्या नियंत्रण कक्षात व्हिडिओ लावून तिथली माणसं कसं काम करतात ते बारकाईने टिपलं. १९९२ मध्ये छापून आलं.

कक्षात दोघं शेजारी बसलेले. एक गाड्या चालवणारा नियंत्रक, दुसरा प्रवाशांसाठी घोषणा करणारा सहायक. गाडी खोळंबली की नियंत्रक वेळापत्रक नव्याने जुळवतो आणि ते जुळवताना स्वतःशीच मोठ्याने पुटपुटतो: ही तिथून वळवली, ती मागे थांबवली. कुणाला उद्देशून नाही. सहायक त्याच्याकडे बघतही नाही, पण कान तिकडे. नियंत्रकाने ड्रायव्हरशी बोलायला फोन उचलला तेवढ्यात सहायकाचा हात घोषणेच्या बटणाकडे गेलेला असतो. 'अरे, घोषणा कर' असं कोणी कुणाला सांगतच नाही.

आता शहाण्या माणसाने ठरवलं की दोघांना वेगळ्या केबिनी देऊ, चांगले हेडफोन देऊ आणि मध्ये निरोप पाठवायचं सॉफ्टवेअर बसवू, तर काय होईल? जे आपोआप कानावर पडत होतं ते प्रत्येक वेळी मुद्दाम टाइप करावं लागेल, आणि गडबडीच्या वेळी, म्हणजे नेमकं हवं तेव्हा, कोणी टाइप करणार नाही. ब्रिटनमध्येच विमान वाहतूक नियंत्रकांवरही असे अभ्यास झाले. त्यांच्या टेबलावर प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी. अडचणीचं विमान असलं की पट्टी रांगेतून जराशी बाहेर ओढून ठेवायची. शेजारच्याला तिरकस पट्टी दिसली की समजतं.

सुगरण

नियंत्रकाच्या पुटपुटण्यावरून आमच्या मुदपाकखान्याची आठवण झाली. 'मीठ घातलंय गं' हे कुणाला म्हणून नसतंच. :)

रातपाळी

रुमाल उचलतो. मी सपोर्टमध्ये, रात्री आमची टीम, सकाळ झाली की काम अमेरिकेला. भेट कधीच नाही, सगळं तिकिटावर (तक्रारीच्या ऑनलाइन नोंदीवर) लिहून. आमच्याकडे हे चालतं, आणि तळटीप यांच्या हिशेबात बसतं. कारण तिकिटात नीट लिहिलं नाही तर पहाटे अमेरिकेचा फोन मलाच येतो. भरणारा मी आणि भोगणाराही मीच.

पण टेम्सकाठ यांनी सांगितलेल्या गोष्टीची दुसरी बाजू आहे. शेजारचा काय करतोय हे आपोआप कळावं म्हणून चॅटमध्ये नावापुढे हिरवा ठिपका आला ना? कल्पना तीच, कानावर पडण्याची. लॉकडाउनमध्ये आमच्या मॅनेजरने त्या ठिपक्याची हजेरी घ्यायला सुरुवात केली. पाच मिनिटं माउस हलला नाही की ठिपका पिवळा, की लगेच 'आहेस का?' लॉग वाचत बसलेला माणूस माउस कशाला हलवेल? पोरांनी माउस आपोआप हलवणारी डबडी मागवली. आता आमच्या टीमचे ठिपके कायम हिरवेगार आणि त्यांना काडीचा अर्थ उरलेला नाही. नियंत्रण कक्षात दोघं एकमेकांचं ऐकत होते. इथे एकच ऐकतोय.

तळटीप

रातपाळी, 'इथे एकच ऐकतोय' हे फार नेमकं. ठिपका शेजाऱ्यासाठी होता तोवर खरा होता, साहेबासाठी झाला त्या दिवशी खोटा झाला. माझ्या बोर्डावरचे 'किती तास' पण असेच आहेत. सगळे जण आठच्या पटीत लिहितात.

रोखठोक

सगळं वाचलं. माफ करा, पण हे सगळं आळसाचं तत्त्वज्ञान आहे. बायोमेट्रिक हजेरी लोकांना आवडली होती का? पगाराला जोडली, आली अंगवळणी. कॅलेंडर भरलं नाही तर रजा मंजूर नाही, असं करा. आठवड्यात सुतासारखे सरळ. सॉफ्टवेअर फसत नाही, वचक नसतो म्हणून फसतं.

तळटीप

रोखठोक, हा मुद्दा ग्रुडिननेच पुढे तपासला आहे. १९८८ नंतर काही वर्षांत सामायिक कॅलेंडरं काही ठिकाणी चक्क रुळली, म्हणून लीसिया पॅलेन या संशोधिकेबरोबर त्याने मायक्रोसॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्स या दोन कंपन्यांत जाऊन बघितलं. १९९५ चा निबंध. वरून हुकूम निघाला म्हणून रुळली असं नाही निघालं. कॅलेंडर ईमेलशी जोडलं गेलं होतं, भरणं सोपं झालं होतं, प्रत्येकाला स्वतःच्या आठवणीसाठी ते हवंसं वाटत होतं, आणि एकदा बऱ्याच जणांनी धरलं की उरलेल्यांना शेजारचेच टोकायचे, 'तुझं कॅलेंडर रिकामं का?' त्यातही गंमत अशी की सनमध्ये सहसा कुणीही कुणाचंही कॅलेंडर उघडून वाचू शके, मायक्रोसॉफ्टमध्ये सहसा फक्त मोकळा की गुंतलेला एवढंच दिसे. दोन्हीकडे चाललं.

वचकाने रकाना भरतो, हे मान्य. रकान्यात खरं काय आहे ते रातपाळींच्या ठिपक्याला विचारा.

सुईदोरा

वचकाबद्दल मी सांगते. माझी मावशी अंगणवाडी सेविका. १ मार्च २०२१ ला केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप आलं. मुलाचं वजन, उंची, हजेरी, आहार, सगळं सेविकेने मोबाईलवर भरायचं. राज्य, केंद्र, सगळ्यांना ते आकडे वर बसून दिसतात. ॲप तेव्हा इंग्रजीत. दिलेला फोन अडकणारा, जागा पुरेना, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. रजिस्टरं सुटली नाहीतच. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते सरकारी मोबाईल गठ्ठ्याने परत केले. बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

मावशीचं म्हणणं साधं होतं. माझ्या वहीत मी मुलाच्या नावापुढे 'आई ऊसतोडीला गेली, आजीकडे आहे' असं लिहिते, म्हणून पुढच्या वेळी मला कळतं कुणाच्या दारी जायचं. ॲपात त्याला जागाच नाही. ते वरच्यांना नको होतं ना.

रोखठोक, मावशीला आळशी म्हणायच्या आधी तिच्याबरोबर एक दिवस फिरून या.

रोखठोक

मावशींना नाही म्हटलं ताई. फोन अडकणारा असेल तर ती चूक देणाऱ्याचीच. ऑफिसातल्या एसीत बसणाऱ्यांबद्दल माझं मत कायम आहे.

पानोपानी

उलटं उदाहरण देतो. मराठी विकिपीडिया, १ मे २००३ पासून. तिथे कुणाचा वचक नाही, पगार नाही, फायदा वाचणाऱ्याचा आणि कष्ट लिहिणाऱ्याचे. ग्रुडिनच्या हिशेबाने कधीच बंद पडायला हवा होता.

मला वाटतं दोन कारणं आहेत. विकीची मूळ कल्पना वॉर्ड कनिंगहॅमची, १९९५ मधली, आणि तिच्यात पानाचा इतिहास जपण्याची सोय पुढे पक्की होत गेली. कुणी पान बिघडवलं तर बिघडवायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात पूर्ववत होतं. म्हणून दार उघडं ठेवणं परवडतं. दुसरं, प्रत्येक पानामागे 'चर्चा' पान आहे (हिरवीशाई, तुमच्या 'चर्चा' शेऱ्यापेक्षा वेगळं, इथे सगळं लेखी राहतं) आणि सगळ्यांसाठी 'चावडी'. भांडणं होतात, अगदी शुद्धलेखनावरून सुद्धा. पण भांडणाची जागा कामाच्या जागेला चिकटलेली आहे. ऑफिसात काम बोर्डावर आणि भांडण टपरीवर, मग बोर्डाला कळणार कसं काय ठरलं?

पण हेही खरं की नियमित लिहिणारे फार थोडे असतात, मराठीत तर खूपच थोडे.

शाखामृग

पानोपानी यांच्या इतिहासाच्या मुद्द्याला +१. प्रोग्रामच्या फायलींचा इतिहास जपणाऱ्या गिटचंही तेच. लिनक्स बनवणारे आधी त्यासाठी बिटकीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरत, २००५ मध्ये त्याची फुकट वापरायची परवानगी गेली, तेव्हा लिनक्सच्या जनकाने, टोरवाल्ड्सने, एप्रिलमध्ये स्वतःच गिट लिहायला घेतलं. त्यात प्रत्येकाकडे अख्खा इतिहास, प्रत्येकाची आपली फांदी. दोघांचं जुळलं नाही तर गिट थांबतं आणि दोन्ही मजकूर समोर ठेवतं, तू ठरव म्हणतं. डोमिनोकाकांची चौकटच. ६७ वाजता होत नाही. आणि लिहिणारा आधी स्वतःच्याच सोयीसाठी वापरतो, कालचं परत मिळावं म्हणून.

सेक्रेटरीबाई

तुम्ही सगळे मोठमोठं बोलताय, माझं छोटं आहे, पण आत्ता अडलंय. आमच्या सोसायटीची देखभाल शुल्काची शीट ऑनलाइन ठेवली आहे. फ्लॅट नंबर, नाव, थकबाकी. सगळ्या कमिटीला लिहायची मुभा. परवा एका काकांनी सगळ्यात जास्त थकबाकी कुणाची ते बघायला फक्त थकबाकीचा रकाना निवडला आणि उतरत्या क्रमाने लावला. नावं जागच्या जागी, आकडे हलले! एरवी चार तारखेच्या आत पैसे भरणाऱ्या आजींच्या नावापुढे सगळ्यात मोठी रक्कम, आणि खरे थकबाकीदार खालच्या ओळीत साळसूद. कुणीतरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. रात्री अकरापर्यंत नुसता धुरळा.

जुनी आवृत्ती परत आणली, ते जमलं. पण पुन्हा होऊ नये म्हणून काय करू? मुभा काढून घेतली तर काका रुसतील, ते एकटेच पावत्या नियमित चढवतात.

खटपट्या

काकांची मुभा काढू नका, तसा माणूस परत मिळणार नाही. दोन गोष्टी करा. 'डेटा' मेनूत 'फिल्टर व्ह्यू' आहे. त्यात काकांनी हवं तसं वरखाली लावलं, तरी मूळ शीटचा क्रम तसाच राहतो आणि बाकीच्यांच्या पडद्यावर काही हलत नाही. त्याला 'थकबाकी' असं नाव देऊन काकांना दाखवा. दुसरं, त्याच मेनूत रकाने सुरक्षित करायची सोय आहे. फ्लॅट नंबर आणि नाव कुलूपबंद करा, पावतीची तारीख आणि रक्कम काकांसाठी उघडी ठेवा. लॅपटॉपवरून करा, फोनवर बोटं चुकतात.

सेक्रेटरीबाई

केलं. फिल्टर व्ह्यू मिळाला, काकांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. त्यांचं म्हणणं, 'थकबाकी' नाव नको, 'वसुली' ठेवा. ठेवलं. आजींची माफी ग्रुपवर मागायची की घरी जाऊन, यावर कमिटीत अजून एकमत नाही.

हिरवीशाई

घरी जाऊन. ग्रुपवर फक्त दुरुस्त शीट टाका, खाली आपलं नाव आणि तारीख.